आवृत्ती लिहून ठेवा

यंत्र बंद पडले की माणूस प्रथम यंत्राला दोष देतो, मग ते हाताळणाऱ्याला, आणि अखेरीस नशिबाला. या तिघांपैकी कोणाचाच दोष नसेल, अशी शंका सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. शाळांतून अलीकडे मायक्रोकंट्रोलर बोर्ड नावाचे जे तळहाताएवढे यंत्र आले आहे, त्याच्या बाबतीत हा अनुभव वारंवार येतो. बोर्ड चांगला असतो, प्रोग्राम बरोबर असतो, वायरी नीट जोडलेल्या असतात, आणि तरीही दिवा लागत नाही. अशा वेळी पुष्कळदा असे आढळते की, जे भाग एकत्र चालावयाचे त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नाहीत. या साध्या गोष्टीविषयी, आणि तिच्यावरील त्याहून साध्या उपायाविषयी, विद्यार्थी व पालक यांच्यासाठी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

हा विषय विज्ञानशिक्षकांचा. भाषा शिकवणाऱ्याने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ‘आवृत्ती’ हा शब्द मुळात पुस्तकांच्या व्यवहारातला आहे, आणि त्याचा अर्थ कळण्यास विजेचे ज्ञान लागत नाही. वर्षाच्या आरंभी वर्गात काही मुलांजवळ नवे पाठ्यपुस्तक असते, तर काहींजवळ थोरल्या भावंडाचे जुने. शिक्षक म्हणतात, ‘पान ४२ काढा.’ एकाला तेथे कविता दिसते, दुसऱ्याला स्वाध्याय. दोन्ही पुस्तके खरी, शिक्षकांची सूचनाही खरी. परंतु सूचना एका आवृत्तीसाठी आणि हातातले पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचे. बोर्डावर जे घडते ते नेमके हेच. भेद इतकाच की, गोंधळलेले मूल हात वर करून विचारते. यंत्र मात्र निमूट थांबते, किंवा इंग्रजीत एक रुक्ष ओळ दाखवते.

प्रथम या यंत्राची थोडी ओळख करून घेऊ. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी म्हणून ‘आर्डुइनो’ बोर्डाचा जन्म झाला. त्याचा ‘ऊनो’ हा प्रकार २०१० साली निघाला, आणि तो आमच्या मुलांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यावरील चिपमध्ये प्रोग्राम ठेवण्यासाठी ३२ किलोबाइट, आणि चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट एवढीच स्मृती असते. इतक्या लहान घरात संसार मांडावयाचा तर सामान मोजकेच भरावे लागते, आणि ते ठिकठिकाणांहून येते. पहिले म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम. दुसरी लायब्ररी, येथे या शब्दाचा अर्थ ग्रंथालय नव्हे, तर एखादा सेन्सर, पडदा किंवा मोटर चालविण्यासाठी कोणी तरी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांचा संच. तिसरा त्या जातीच्या बोर्डाचा आधारसंच. त्याला ‘कोर’ म्हणतात. तो संगणकावर असतो, आणि आपला प्रोग्राम त्या विशिष्ट चिपला समजेल अशा रूपात आणण्यास तो लागतो. चौथे फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरील चिपमध्येच मुक्काम करून राहिलेला प्रोग्राम. या चार गोष्टी निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या काळी लिहिलेल्या असतात, आणि प्रत्येकीत आपापल्या गतीने सुधारणा होत असतात. सुधारणा होणे हा दोष नव्हे. परंतु एकजण पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला की दोघांचे बोलणे तुटते.

ही तूट तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात आज्ञांची नावे बदलतात. आर्डुइनोच्या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाची १.० ही आवृत्ती २०११ साली निघाली, तेव्हा प्रत्येक लायब्ररीला लागणाऱ्या मूळ फाइलीचे नावच बदलले. ‘वायर’ या लायब्ररीतील ‘सेंड’ ही आज्ञा ‘राइट’ झाली, आणि ‘रिसीव्ह’ ही ‘रीड’ झाली. त्यापूर्वी लिहिलेले प्रोग्राम नव्या साधनात अडू लागले. अलीकडचे उदाहरण ‘ईएसपी३२’ या चिपचे आहे. दिव्याचा प्रकाश कमीअधिक करावयाचा तर तिच्या जुन्या कोरमध्ये आधी एक मार्गिका ठरवावी लागे आणि मग ती पिनेला जोडावी लागे. त्यासाठी दोन स्वतंत्र आज्ञा होत्या. २०२४ साली आलेल्या ३.० या आवृत्तीत त्या दोन्ही काढून एकच आज्ञा ठेवली गेली. नवी रीत अधिक सुटसुटीत आहे, यात शंका नाही. पण २०२० साली छापलेल्या पुस्तकातील धडा जसाच्या तसा उतरवून घेणाऱ्या मुलाला ‘अशी आज्ञा येथे जाहीर केलेली नाही’ एवढेच उत्तर मिळते.

दुसऱ्या प्रकारात बोर्डावरचे फर्मवेअर एका काळातले आणि संगणकावरचे साधन दुसऱ्या काळातले असते. ‘नॅनो’ या लहान बोर्डात प्रोग्राम आत घेण्याचे काम ‘बूटलोडर’ नावाचे फर्मवेअर करते. जुना बूटलोडर ५७,६०० या वेगाने बोलतो. जानेवारी २०१८ पासूनच्या मूळ बोर्डांतील नवा १,१५,२०० या वेगाने. एकाने दुप्पट वेगाने बोलावे आणि दुसऱ्याला त्यातले अक्षरही कळू नये, अशी ही स्थिती. संगणक ‘नॉट इन सिंक’ असे सांगून थांबतो, आणि बोर्ड जळाला असे ठरवून त्याची रवानगी कपाटात होते. केबल किंवा पोर्ट चुकल्यासही हीच ओळ दिसते, हे खरे. परंतु ते दोन्ही ठीक असतील, तर साधनाच्या सूचीतील ‘ओल्ड बूटलोडर’ ही ओळ निवडून पाहावी. मेलेला म्हणून टाकलेला बोर्ड पुष्कळदा त्या एका निवडीने उठून बसतो. वाय-फाय असलेल्या काही बोर्डांवर तर दोन प्रोसेसर असतात: एक आपला प्रोग्राम चालविणारा, दुसरा केवळ वाय-फाय सांभाळणारा. या दुसऱ्याचे फर्मवेअर स्वतंत्र असते. ते लायब्ररीच्या मानाने जुने असेल, तर तयार नमुना-प्रोग्राम ‘फर्मवेअर अद्ययावत करा’ असे स्पष्ट सांगतो. सांगणारा सांगतो, वाचणारा मात्र पाहिजे.

तिसरा प्रकार आम्हां गोव्यातील माणसांना चटकन उमजेल. आम्ही घरी कोंकणी बोलतो. आमच्यापैकी कोणी ती देवनागरीत लिहितात, कोणी रोमीत. केवळ देवनागरी वाचणाऱ्याच्या हाती रोमी लिपीतले पत्र दिले तर पत्रातली भाषा त्याचीच असूनही त्याला ते वाचता येत नाही. ‘सर्किटपायथन’ या पद्धतीच्या बोर्डांवर असेच होते. तिच्या लायब्रऱ्या आधीच आटवून एका संक्षिप्त रूपात मिळतात, आणि त्या संक्षिप्त रूपाची लिपी मधूनमधून बदलते. म्हणूनच लायब्रऱ्यांचा गठ्ठा मूळ फर्मवेअरच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी वेगळा दिलेला असतो. ९ या आकड्याने सुरू होणाऱ्या फर्मवेअरला ९ चाच गठ्ठा घ्यावयाचा. तो चुकला तर ‘इनकम्पॅटिबल’, म्हणजे परस्परांशी न जुळणारी, असा शब्द पडद्यावर येतो.

हे सर्व तांत्रिक तपशील झाले. आम्हांस लेखणी उचलावी लागली ती निराळ्या कारणाने. आमच्या शाळेतील नववीच्या दोन मुलींनी विज्ञान-प्रदर्शनासाठी, अंधार पडू लागताच हळूहळू उजळणारा दिवा तयार केला होता. शाळेच्या संगणकावर सर्व सुरळीत चालले. मध्ये सुट्टी आली. मुलींनी बोर्ड घरी नेला, एकीच्या दादाच्या लॅपटॉपवर सर्व साधने नव्याने घेतली, प्रोग्रामात एक किरकोळ बदल केला, आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांच्या ओळी उभ्या राहिल्या. त्यांनी प्रोग्राम पुन्हा टाइप केला, वायरी काढून परत जोडल्या, दोन संध्याकाळी त्यात घालविल्या. शेवटी एक दुसरीला म्हणाली, ‘आमकां हें जमचें ना.’ शाळा उघडल्यावर दोन्ही संगणक शेजारी शेजारी ठेवून पाहिले. शाळेतील कोरची आवृत्ती २ ने सुरू होणारी, लॅपटॉपवरील ३ ने. लॅपटॉपवर पूर्वीची आवृत्ती निवडताच दिवा लागला. काम दहा मिनिटांचे होते.

दिवा लागला, ही गोष्ट लहान. ‘आम्हांला हे जमणार नाही’ हा जो निष्कर्ष त्या मुलीने काढला होता, तो लहान नव्हता. मराठी माध्यमातील मूल आधीच मनात एक भीती बाळगून असते: हे शास्त्र इंग्रजीचे, शहराचे, दुसऱ्या कोणाचे, आपण त्यात पाहुणे. दोन आकड्यांमधील विसंगतीला ते आपल्या बुद्धीतील उणीव समजते, आणि एकदा तसे समजले की पुन्हा त्या बोर्डाला हात लावीत नाही. अटल इनोव्हेशन मिशन या २०१६ साली सुरू झालेल्या योजनेखाली देशभर हजारो शाळांतून टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या आहेत. तेथे बोर्ड आहेत, सेन्सर आहेत, मोटरी आहेत. परंतु साधने आली म्हणजे विद्या आली असे नाही. साधन अडले असता शांतपणे कारण कसे शोधावे, ही विद्या साधनाबरोबर खोक्यात येत नाही. ती शाळेनेच द्यावयाची असते.

म्हणून आमचे आग्रहाचे म्हणणे असे की, ज्या शाळेत बोर्ड आहे त्या शाळेत एक आवृत्ती-वही असावी. तिला खर्च एका शंभर पानी वहीचा. प्रत्येक प्रकल्पाला एक पान द्यावे. त्यावर तारीख, बोर्डाचे नाव, प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाची आवृत्ती, कोरची आवृत्ती, प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती, फर्मवेअरची आवृत्ती, आणि शेवटी ‘चालले’ किंवा ‘अडले’ हा शेरा असावा. हे आकडे शोधणे कठीण नाही. आर्डुइनोच्या साधनात कोर व लायब्रऱ्या यांच्या सूचीत ते समोरच लिहिलेले असतात. सर्किटपायथनच्या बोर्डावर ‘बूट आउट’ नावाच्या लहानशा फाइलीत ते सापडतात. वाय-फायच्या फर्मवेअरसाठी लायब्ररीबरोबर तपासणीचा तयार प्रोग्राम येतो. हेच आकडे प्रोग्रामच्या डोक्यावर टीप म्हणूनही लिहावेत, म्हणजे प्रोग्राम जेथे जाईल तेथे त्याची ओळख बरोबर जाईल.

अशी वही हाताशी असेल तर अडलेले काम सोडविण्याची रीतही सोपी होते. प्रथम पडद्यावरील पहिली चूक वाचावी, शेवटची नव्हे. एका चुकीतून पुढच्या दहा निघतात, आणि घाबरलेले मूल नेमके खालचीच ओळ वाचते. मग एकच दिवा उघडझाप करणारा अगदी लहान प्रोग्राम चालवून पाहावा. तो चालला तर बोर्ड, केबल आणि कोर यांची मूळ जोडणी शाबूत आहे. शोध आता लायब्ररीत. एकच लायब्ररी संगणकावर दोन ठिकाणी असली तर साधन त्यांपैकी कोणती घेतली आणि कोणती सोडली हे सांगते, तेही वाचावे. यानंतर वहीत पाहून, जेव्हा सर्व चालत होते तेव्हाच्या आवृत्त्या परत आणाव्यात. सूचीतून जुनी आवृत्ती निवडण्याची सोय असते. दिवा लागला की तेथून पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काम सुधारले तरी कशामुळे सुधारले हे कळत नाही, आणि बिघडले तर कशामुळे बिघडले हेही नाही.

आवृत्तीच्या आकड्यांना बहुधा एक अर्थही असतो. तीन आकडे टिंबांनी वेगळे केलेले दिसतात. रूढ संकेत असा की, तिसरा आकडा वाढला तर लहानसहान चूक दुरुस्त झाली. दुसरा वाढला तर नवी सोय आली, पण जुने चालत राहील. पहिला वाढला तर जुना करार मोडला असे समजावे. हा लिहिणाऱ्याने पाळावयाचा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे. तो कधी कधी पाळला जात नाही. तरीही पहिला आकडा बदललेला दिसताच विद्यार्थ्याने सावध व्हावे आणि सोबतची बदलांची टिपणे वाचावीत, हे बरे.

आमच्या या सूचनेवर दोन बाजूंनी आक्षेप येतील. काहीजण म्हणतील, ‘मुलांना कारकुनी कशाला? त्यांना कल्पक होऊ द्या.’ परंतु प्रयोगवहीत तापमान लिहिणे ही कारकुनी नसेल, तर आवृत्ती लिहिणे तरी कशी असेल? ज्या प्रयोगाच्या अटी लिहिलेल्या नाहीत तो पुन्हा करता येत नाही, आणि जो पुन्हा करता येत नाही त्याला शास्त्रात स्थान नाही. दुसरे म्हणतील, ‘नेहमी सर्वांत नवे घ्यावे, प्रश्नच मिटला.’ प्रश्न मिटत नाही; तो प्रदर्शनाच्या आदल्या रात्री उभा राहतो. उलट, ‘एकदा चालले की कधीच हात लावू नये’ हेही आम्हांस मान्य नाही. वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीतील दोष २०१७ साली उघड झाला, तेव्हा असंख्य उपकरणांचे फर्मवेअर बदलावे लागले, आणि ते आवश्यकच होते. म्हणून बदल करावा, पण ठरवून करावा: सुट्टीत, आधी एका संगणकावर, जुनी प्रत जपून ठेवून आणि वहीत नोंद करून.

ही काळजी केवळ मुलांच्या खेळापुरती नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे आरियान-५ हे अग्निबाण-यान फ्रेंच गयानातील तळावरून पहिल्यांदाच निघाले आणि सुमारे ४० सेकंदांतच नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील प्रोग्राम आधीच्या आरियान-४ मधून घेतलेला होता. जुन्या यानावर त्याने चोख काम केले होते. नव्या यानाचा आडवा वेग जास्त. तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही, आणि यंत्रणा बंद पडली. जुन्या यानासाठी जो प्रोग्राम बरोबर होता, तो नव्या यानाशी जुळतो की नाही हे उड्डाणापूर्वी नीट पडताळले गेले नव्हते. आमच्या नववीच्या दिव्याची आणि या यानाची जात एकच आहे.

आणि ही शिस्त आम्हांला परकी तरी कोठे आहे? ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हाताने उतरविली गेली, आणि प्रतींत पाठभेद शिरले. संत एकनाथांनी निरनिराळ्या प्रती ताडून शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि ते केव्हा केले त्याचा शक ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवला. अनेक प्रतींतून जुळणारा पाठ निवडावयाचा आणि आपण काय केले त्याची नोंद मागे ठेवावयाची, हे काम मराठीने चारशे वर्षांपूर्वी केलेले आहे. हातातले साधन बदलले, एवढेच.

तेव्हा पालकांना आमची विनंती अशी की, मुलाचा बोर्ड अडला तर ‘जळाला असेल, नवा आणू’ असे म्हणण्यापूर्वी, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘तुला ते जमणार नाही’ असे म्हणण्यापूर्वी, ‘आवृत्ती कोणती?’ एवढे एकदा विचारावे. विज्ञान-प्रदर्शनाच्या परीक्षकांनीही प्रकल्पाशेजारी ते पान मांडलेले आहे की नाही हे पाहावे, आणि असेल तर त्याला दोन गुण द्यावेत. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांला एवढेच सांगणे: पुढल्या खेपेस दिवा लागला की टाळ्या वाजवा, पण टाळ्या वाजवून झाल्यावर वही उघडा. यंदाच्या नववीने लिहिलेले पान पुढच्या वर्षीच्या नववीच्या दोन संध्याकाळी वाचवील.